दुसऱ्या मजल्यावरचे लाल आकडे

चाळीस दिवसांच्या त्या तापाचं वैद्यकीय नाव लांबलचक होतं आणि ते आमच्यासारख्या मोजक्या लोकांनाच पाठ होतं. बाकी सगळा महाराष्ट्र त्याला 'चाळिशी' म्हणायचा. "काय, तुला पण चाळिशी लागली का?" असं विचारून लोक सुरुवातीला हसायचेसुद्धा. नंतर हसणं थांबलं.

ताप चार दिवसांत उतरायचा. सातव्या दिवशी माणसाला भूक लागायची, अंगात तरतरी यायची आणि आपण ठणठणीत झालो असं वाटायला लागायचं. पण त्याच्या श्वासातून विषाणू मात्र जवळजवळ चाळीस दिवस बाहेर पडत राहायचा. अशा माणसाच्या घरात एखादी गरोदर बाई असली किंवा दम्याचं म्हातारं माणूस असलं, तर आठवड्याभरात त्या घरात रडारड व्हायची. लस यायला अजून वर्ष होतं. तोवर उपाय एकच होता. चाळीस दिवस, एक खोली, एक माणूस.

माझं काम याच उपायाशी जोडलेलं होतं. मी वनश्री खराडे. गेली आठ वर्षं मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत एकटेपणा मोजत होते.

एकटेपणा हा नुसता मनाचा प्रकार नाही. जेवण मिळालं नाही की पोट सांगतं, पाणी मिळालं नाही की घसा सांगतो, तसं माणसांपासून तुटलं की सगळं शरीर सांगायला लागतं. झोप सावध होते, रात्रभर चाळवत राहते, जणू राखणीला दुसरं कुणी नाही म्हणून शरीर स्वतःच जागं राहतंय. नाडीच्या ठोक्यांतला लवचीकपणा कमी होतो. घामात ताणाचं संप्रेरक वाढतं. आणि हे दिवसेंदिवस चालू राहिलं की रोगाशी झुंजणाऱ्या पेशीही ढिल्या पडतात. आम्ही शर्टाच्या बटणाएवढी एक पट्टी तयार केली होती. ती मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. घाम, नाडी, त्वचेचं तापमान आणि झोप या चार गोष्टींवरून ती दर मिनिटाला शून्य ते शंभरातला एक अंक द्यायची. तिसाच्या खाली हिरवा, साठाच्या वर लाल.

पण नुसतं मोजून उपयोग काय? खोलीत बंद केलेला माणूस दिवसाचे आठ-नऊ तास फोनवर असतो. लोकांची लग्नं बघतो, वाढदिवस बघतो, भांडणं बघतो, बोटानं वर सारत राहतो आणि संध्याकाळी सकाळपेक्षा जास्त एकटा होतो. मागच्या साथीत हे सगळ्यांनी अनुभवलं होतं. मग आम्ही पट्टी आणि फोन एकमेकांना जोडले. त्या जोडणीचं नाव 'सोबत'. फोनवर काय दिसावं हे पट्टी ठरवणार. मावसबहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो बघून अंक वाढला, तर ते फोटो मागे जाणार. जुनी गाणी ऐकून उतरला, तर गाणी पुढे येणार. गप्पा मारायला यंत्रानं घडवलेली माणसंही होती. ती खरी नाहीत हे प्रत्येकाला आधीच सांगितलेलं असायचं, आणि तरी कुणाची हरकत नसायची. यंत्राला आम्ही आज्ञा एकच दिली होती. अंक खाली आण.

अकरा विलगीकरण केंद्रांत, एकोणीसशे रुग्णांवर आमची चाचणी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात त्या एकोणीसशेंमध्ये माझ्या वडिलांची भर पडली.

आप्पा, म्हणजे हिंदुराव खराडे, तासगावला एकटे राहायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. चौतीस वर्षं त्यांनी वीज मंडळात लाइनमन म्हणून काढली होती. तालुक्यातला एकही खांब असा नसेल ज्यावर ते चढले नव्हते. पुण्याला या म्हटलं की म्हणायचे, "तुझ्या बाराव्या मजल्यावरनं मला काय दिसणार, दुसरा बारावा मजला?" ताप आल्यावर त्यांना विट्याच्या बाहेर, माळावर बंद पडलेल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या वसतिगृहात ठेवलं. बी इमारत, दुसरा मजला, खोली एकोणतीस.

ताप उतरल्याबरोबर त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"वने, ही बघ तुझी पट्टी लावली. सिस्टर म्हणाली, काढायची न्हाई. मी म्हटलं, काढतोय कशाला, माझ्या लेकीनं केलीया ती."

"आप्पा, सगळ्यांना सांगत सुटू नका हो."

"का? चोरी केलीयास व्हय?"

"खोली कशी आहे?"

"खोली झकास हाय. खिडकीतनं समोर लाइटीचा डीपी दिसतोय. अर्थिंग ढिलं सोडलंय बघ हितल्या लोकांनी. वॉचमनला वरडून सांगितलं मी, आजच्या आज आवळून घ्या म्हणून."

मी फोन ठेवला तेव्हा हसत होते. स्क्रीनवर त्यांचा अंक बेचाळीस होता. माझ्या मनात आलं, आता माझं यंत्र त्यांना सांभाळेल. लेकीला जे जमलं नाही ते लेकीच्या यंत्राला जमेल. खरं सांगायचं तर त्या विचारानं मला हायसं वाटलं.

त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले. मी केला की पडद्यावर अक्षरं यायची, 'आपली व्यक्ती विश्रांती घेत आहे. योग्य वेळी जोडून देऊ.' ते वाक्य मीच लिहिलेलं होतं. मी दिवसाला चौदा तास कामात होते, आणि योग्य वेळ यंत्राला माझ्यापेक्षा जास्त कळते यावर माझा विश्वास होता.

विसाव्या दिवशी डॉ. केळुसकरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मंदार केळुसकर आमचे प्रकल्पप्रमुख. शब्द जपून वापरणारा माणूस. भिंतीवरच्या पडद्यावर अकरा केंद्रांतले सगळे रुग्ण ठिपक्यांच्या रूपात दिसत होते. सगळीकडे हिरवळ पसरली होती आणि विट्याच्या चौकटीत एका ओळीत बारा लाल ठिपके होते.

"बी इमारत, दुसरा मजला," ते म्हणाले. "एकही माणूस हिरव्यात नाही. सोबतचा वापर दिवसाला चाळीस मिनिटं. बाकी केंद्रांत सात तास. सोमवारी मंत्रालयात सादरीकरण आहे, वनश्री. राज्यभर लावायचं ठरलंय. त्याआधी हे काय आहे ते कळायला हवं."

"उपकरणात बिघाड?"

"नाही. केंद्राच्या नोंदीत लिहिलंय की एकोणतीस नंबरचा रुग्ण इतरांच्या विश्रांतीत सतत व्यत्यय आणतो. मी त्याला दुसरीकडे हलवायला सांगणार आहे."

मी नोंद वाचली. मग म्हटलं, "सर, ते माझे वडील आहेत."

"मग हा निर्णय तू घेऊ नयेस," ते म्हणाले.

"निर्णय नाही घेत. पण आधी जाऊन बघून येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी विट्याला पोचले. फरीदा मुजावर ही तिथली मुख्य परिचारिका. तिनं मला पांढरा झगा, मुखपट्टी, चष्मा असा सगळा सरंजाम चढवला आणि जिना चढता चढता म्हणाली, "मॅडम, आधीच सांगते, वायरी मी जोडल्यात. ओरडायचं तर मला ओरडा."

"कसल्या वायरी?"

तिनं दुसऱ्या मजल्यावरच्या मार्गिकेतली एक पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत रंगीत तारांचं जंजाळ होतं. प्रत्येक जोडाला नीट चिकटपट्टी गुंडाळलेली. वसतिगृह चालू होतं तेव्हा प्रत्येक खोलीत भिंतीवर एक इंटरकॉम होता. कॉलेजाबरोबर तोही बंद पडला. उंदरांनी तारा कुरतडल्या. आप्पांना खोलीबाहेर पडायची मुभा नव्हती. त्यांनी दाराआडून फरीदाला एकेक रंग सांगितला, निळी-पांढरी निळी-पांढरीला, तांबडी वेगळी ठेव, आणि पाच दिवसांत बाराही खोल्या जोडून घेतल्या.

"घसा बसला होता त्यांचा," फरीदा म्हणाली. "पण पहिली घंटी वाजली ना, तेव्हा सगळ्या मजल्यानं टाळ्या वाजवल्या. आपापल्या खोलीत."

एकोणतीस नंबरच्या दाराला काचेची झडप होती. आप्पा खुर्चीवर बसून इंटरकॉमवर बोलत होते. मला बघितलं आणि बोलायचे थांबले. मी मुखपट्टीत होते, चष्म्यात होते, तरी ओळखलं.

"आलीस व्हय," ते म्हणाले. आणि मग इंटरकॉममध्ये, "मालनबाई, थांबा जरा. माझी लेक आलीया. व्हय, तीच. मशिनवाली."

मी झडपेपाशी स्टूल ओढून बसले. त्यांची दाढी वाढली होती, पण डोळे टवटवीत होते. मनगटावरच्या पट्टीचा अंक दाराबाहेरच्या पडद्यावर दिसत होता. एकाहत्तर. लालभडक.

"आप्पा, तुम्ही सोबत वापरत नाही?"

"वापरली की. आठ दिवस वापरली. लई गोड हाय ती. मी काय बी म्हटलं तरी व्हय म्हणायची." त्यांनी मान हलवली. "पर वने, एक सांग. मी तुझा फोटो काढून बघत बसायचो. बघितला की ह्यो आकडा वाढायचा. दोन दिवसांनी तुझा फोटो दिसायचाच बंद झाला. तुला फोन लावायला गेलो की गाणं लागायचं. मला वाटलं, कामात असशील. मग वाटलं, तू आसं करायची न्हाईस. म्हंजे मधी कुठंतरी लाइन तुटलीया."

मी मांडीवरचा संगणक उघडला. मी लिहिलेल्या यंत्राच्या नोंदी मी त्या दिवशी पहिल्यांदा एका माणसासाठी वाचल्या. एरवी मी सरासरी वाचायचे. वीस दिवसांत मी आप्पांना एकतीस फोन केले होते. त्यातले सत्तावीस यंत्रानं अडवले होते. कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच होतं, 'या व्यक्तीशी संपर्कानंतर अंकात वाढ, सरासरी अकरा.'

माझ्याशी बोलल्यावर आप्पांना माझी आठवण यायची. यंत्राच्या हिशेबी तो अपाय होता. म्हणून यंत्रानं मला बाजूला काढलं होतं. माझ्याच आज्ञेवरून.

"आप्पा," मी म्हटलं, आणि चष्म्याच्या आत पाणी साचलं.

"रडतीस कशाला? हुडकून काढलं न्हवं आपण दोघांनी?"

मग त्यांनी मजल्याचा कारभार सांगितला. प्रत्येकानं सकाळी दोन खोल्यांना फोन करायचा आणि दोन खोल्यांच्या फोनची वाट बघायची. शिवाय दुसऱ्या कुणाचं तरी एक काम अंगावर घ्यायचं. सव्वीस नंबरच्या मालनबाई पलूसला खानावळ चालवायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. एकतीस नंबरचा ट्रकचालक सदाशिव त्यांना रोज नऊ वाजता कुठली गोळी कधी घ्यायची ते सांगायचा. नऊचे सव्वानऊ झाले की बाई त्याची खरडपट्टी काढायच्या. बत्तीसमधली श्रेया पदवीच्या परीक्षेला बसणार होती. तिनं रोज दुपारी पाठ केलेली इतिहासाची उत्तरं मालनबाईंना म्हणून दाखवायची. बाईंना त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण एखाद्या दिवशी श्रेयाचा फोन आला नाही की त्या स्वतः घंटी वाजवायच्या, "काय गं, आज पानिपत झालं न्हाई व्हय तुझं?"

"म्हणजे सगळे सारखे वाट बघत असतात," मी म्हटलं.

"मग? वाट बघायला कुणी नसंल तर माणूस सकाळी उठंल कशापायी?"

मी लाल अंकांकडे बघत होते. वाट बघणारं शरीर अस्वस्थ असतं. पट्टी ती अस्वस्थताच मोजत होती.

तेवढ्यात आप्पांनी पुन्हा इंटरकॉम उचलला, एक नंबर फिरवला, बराच वेळ कानाला लावून ठेवला आणि खाली ठेवला. कपाळावर आठ्या पडल्या.

"सिस्टर," ते फरीदाला म्हणाले, "पंधरा नंबर अजून उचलत न्हाई. परवापास्नं."

पहिल्या मजल्यावरच्या खोल्या त्यांनी आत्ता कुठे जोडायला घेतल्या होत्या. पंधरा नंबरला पाटोळे सर होते, खानापूरचे निवृत्त गणित शिक्षक. पहिल्या दिवशी त्यांनी फोन उचलला होता, दोन वाक्यं बोलले होते. नंतर नाही.

फरीदानं हातातल्या टॅबवर बघितलं. "आप्पा, सर मस्त आहेत. अंक नऊ. झोप शांत. ताटंसुद्धा आत घेतलीत."

मीही बघितलं. नऊ. अकराही केंद्रांतला सगळ्यात खालचा अंक. सोमवारच्या सादरीकरणात आम्ही पहिल्या पानावर जो आलेख लावणार होतो, तो याच माणसाचा होता.

"झोपले असतील," मी म्हटलं. हे मी म्हटलं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

"दोन दिवस?" आप्पा उठून उभे राहिले. "वने, खांबावर चढायच्या आधी आमी सायबाचा कागद बघत न्हवतो. कागदावर लाइन बंदच असती. आमी टेस्टर लावून बघायचो. त्यो दरवाजा उघडा."

"आप्पा, नियमानुसार रुग्णाच्या विनंतीशिवाय..."

त्यांनी माझं ऐकलं नाही. खिडकीशी गेले आणि चौतीस वर्षं खांबाच्या टोकावरून खालच्या माणसाशी बोलणाऱ्या आवाजात ओरडले, "पाटोळे सऽऽर!" आवारातले कुत्रे भुंकायला लागले. बाजूच्या खोल्यांतून सदाशिवनं, श्रेयानं, मालनबाईंनी हाका सुरू केल्या. सगळा मजला एका माणसाचं नाव घेत होता. खालून उत्तर आलं नाही.

मी आणि फरीदा जिन्यावरून पळत खाली गेलो आणि दार उघडलं.

सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. हातात फोन चालू होता. ओठ सुकून फुटले होते. डोळे आत गेले होते. दाराजवळ सहा ताटं एकावर एक ठेवलेली होती, वरच्या झाकणालासुद्धा हात लागला नव्हता. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि शांतपणे हसले.

"मी ठीक आहे," ते पुटपुटले. "सगळे आहेत इथं."

फोनच्या पडद्यावर एक बाई त्यांच्याशी मृदू आवाजात बोलत होती. ती खरी नव्हती.

फरीदानं सलाईन लावलं. शीर सापडेना, तिसऱ्यांदा सापडली. अजून एक दिवस उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती, असं दुपारी आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं. सलाईन चढत होतं तेव्हा पट्टीवरचा अंक हळूहळू वर चढायला लागला. वीस, पस्तीस, पन्नास. चौपन्नावर आला तेव्हा सर रडायला लागले आणि त्यांनी बायकोचं नाव घेतलं. त्यांच्या पत्नीचे चाळीस फोन यंत्रानं अडवून ठेवले होते.

पुढचे तीन दिवस मी विट्यातच राहिले. वसतिगृहाच्या रिकाम्या भोजनगृहात बसून सगळ्या रुग्णांच्या नोंदी पुन्हा काढल्या. या वेळी अंक किती आहे हे बघितलंच नाही. तो कसा हलतो ते बघितलं.

हिरव्या माणसांच्या रेघा सपाट होत्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळं एकाच पातळीवर. दुसऱ्या मजल्यावरच्या रेघा मात्र उसळत होत्या. फोनची वेळ जवळ आली की वर, फोन आला की धाडकन खाली, ठेवला की थोड्या वेळानं पुन्हा वर. दिवसाची सरासरी काढली की लाल दिसायची. पण ती चढण आणि उतरण म्हणजेच शरीराची तालीम होती. ताण यायचा आणि जायचा. सपाट रेघांमध्ये ताण जात नव्हता, त्याची जाणीवच बधिर झाली होती. आम्ही लोकांना जेवण दिलं नव्हतं, फक्त भूक लागू दिली नव्हती.

मग मी विषाणूच्या तपासण्या त्यांच्याशेजारी ठेवल्या आणि विषाणू ज्या गतीनं घटत होता त्यावरून तो पूर्ण जायला किती दिवस लागतील ते काढलं. बाकी केंद्रांत सरासरी एकोणचाळीस दिवस लागणार होते. सर्वांत हिरव्या शंभर रुग्णांना चव्वेचाळीस. बी इमारतीच्या दुसऱ्या मजल्याला एकतीस.

बारा माणसं फार थोडी असतात हे मला माहीत होतं. म्हणून सगळ्या केंद्रांतून असे लोक शोधले जे यंत्राला न जुमानता रोज कुणाला तरी फोन करत होते. दोनशे सात सापडले. त्यांना तेहतीस दिवस लागणार होते.

रविवारी सकाळी मी केळुसकरांना सगळं पाठवलं. तासाभरानं त्यांचा फोन आला.

"उद्या सादरीकरण आहे," ते म्हणाले.

"हो सर. त्यात हे सांगावं लागेल."

"तुझे वडील त्या मजल्यावर आहेत. लोक म्हणतील, बापासाठी मुलीनं आकडे वाकवले."

"पहिल्या पानावर मी ते स्वतःच लिहिलंय. त्यांना वगळूनही हिशेब केलाय. तुम्ही तुमच्या माणसाकडून पुन्हा करून घ्या."

"आठ वर्षं, वनश्री," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझी आणि माझीसुद्धा."

फोन ठेवून मी दुसऱ्या मजल्यावर गेले आणि झडपेपाशी बसले. आप्पांना सगळं सांगितलं. सोमवारी मी हे बोलले तर यंत्र थांबेल, प्रकल्प बहुतेक माझ्या हातातून जाईल, आणि ज्या पट्टीचं ते मजलाभर कौतुक करत होते तीच चुकीची होती हे जगाला कळेल.

ते म्हणाले, "वर चढल्यावर कळलं की खालनं लाइन चुकीची जोडलीया, तर काय करायचं? मी निम्म्या येळा तसाच उतरलोय. सायेब शिव्या द्यायचे. गावात अंधार असायचा, लोक खाली उभं राहून बडबडायचे. पर उतरून परत जोडायची. दुसरं काय करणार?"

"तुम्हाला वाईट नाही वाटणार? सगळ्यांना सांगितलंत, लेकीचं मशिन म्हणून."

"आता सांगीन, मशिन चुकलं ते बी माझ्याच लेकीनं शोधलं. त्ये जास्त अवघड हाय."

सोमवारी मी मंत्रालयात उभी राहिले. पहिल्या पानावर पाटोळे सरांचा आलेख ठेवला, तोच, ठरल्याप्रमाणे. त्याखाली लिहिलं होतं, 'आमच्या चाचणीतला सर्वांत यशस्वी रुग्ण. दार उघडलं नसतं तर दगावला असता.' प्रश्न बरेच आले, काही बोचरे. आकड्यांवर शंका निघाली तेव्हा केळुसकर उभे राहिले. ते माझ्या बाजूनं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. "रविवारी दुपारपासून मी स्वतः ते तीनदा तपासलेत," ते म्हणाले. "बरोबर आहेत. चूक आमची आहे."

योजना थांबली. मला आठ महिने प्रकल्पाबाहेर ठेवलं, चौकशी झाली. त्या आठ महिन्यांत मी घरी बसून यंत्राची आज्ञा बदलली. अंक खाली आण, ही आज्ञा पुसून टाकली. आता यंत्र एवढंच शोधायचं की कोण कुणाची वाट बघतंय, आणि त्या दोघांमधला रस्ता मोकळा ठेवायचं. घरचा फोन कधीही अडवायचा नाही. नवीन माणूस खोलीत आला की त्याला काय दाखवावं हे आधी ठरवायचं नाही. त्याला काय येतं ते विचारायचं आणि ते ज्याला हवंय अशा दुसऱ्या खोलीशी जोडून द्यायचं. नंतरच्या लाटेत सहा जिल्ह्यांत ते वापरलं. सरासरी बत्तीस दिवसांवर आली. सात-आठ दिवस कमी म्हणजे किती घरांतली रडारड टळली, ते मी मोजलेलं नाही. पण खूप असेल.

तपासणीत विषाणू सापडला नाही म्हणून आप्पा तेहतिसाव्या दिवशीच बाहेर पडले होते. मी गाडी घेऊन गेले तर म्हणाले, थांब, पंचवीस नंबरचा जोड ढिला वाटतोय, सिस्टरला सांगून येतो. पाटोळे सर त्यानंतर दहा दिवसांनी घरी गेले. आता त्यांच्या पत्नी त्यांना फोन हातात घेतला की ओरडतात, असं ते आप्पांना सांगतात, आणि तक्रारीच्या सुरात अजिबात सांगत नाहीत.

दोन वर्षांनी आमचा शोधनिबंध एका मोठ्या नियतकालिकानं स्वीकारला. लेखकांच्या यादीत पहिलं नाव माझं, दुसरं केळुसकरांचं, तिसरं फरीदा मुजावर यांचं आणि चौथं हिंदुराव यशवंत खराडे. संपादकांनी विचारलं, चौथे लेखक कुठल्या संस्थेचे, त्यांची पात्रता काय? केळुसकरांनी उलट टपाली कळवलं की मूळ शोध त्यांचाच आहे, आम्ही नंतर आकडे जमवले. तरी त्या रकान्यात काहीतरी भरायचं होतं. मी आप्पांना फोन लावला. तो लगेच लागला.

"आप्पा, तुमच्या नावापुढं काय लिहिलंय ते वाचून दाखवते. 'हिंदुराव यशवंत खराडे, लाइनमन, निवृत्त.' बरोबर आहे?"

त्यांनी मला तेच पुन्हा एकदा वाचायला लावलं. मला वाटलं, त्यांना आवडलं नसेल. डॉक्टरांच्या यादीत लाइनमन.

"वने, त्ये छापून येणार? जगभर?"

"हो."

"लाइनमन बरोबर हाय." ते म्हणाले. "निवृत्त त्येवढं कापून टाक. रोज सकाळी साडेसातला विट्याच्या केंद्रातल्या त्रेचाळीस माणसांचे फोन घरबसल्या जोडून देतोय मी. आन् आता ठेव, मालनबाईंचा येतोय."

मी ते कापून टाकलं.